जमीन गोठल्याने नव्हे, वितळल्याने फुटतो सिमेंटचा रस्ता. बर्फाळ भागातला हा धडा काळ्या मातीलाही लागू

हिवाळ्यात लडाखसारख्या भागात जमीन गोठून दगडासारखी होते. कुदळ मारली तर उसळून परत येते. अशा जमिनीवरचा सिमेंटचा रस्ता त्या दिवसांत खरं तर सगळ्यात मजबूत असतो. भरलेला ट्रक गेला तरी स्लॅब जागचा हलत नाही. मग हिवाळा सरतो, ऊन तापायला लागतं, बर्फ वितळतो आणि त्याच रस्त्याची रया जायला सुरुवात होते. सांध्यांमधून गढूळ पाणी उडतं, कडा तुटतात, एक स्लॅब वर तर शेजारचा खाली बसतो.

कडाक्याच्या थंडीत टिकलेला रस्ता ऊन पडल्यावर का फुटतो? जगभरच्या रस्ते-अभियंत्यांनी या प्रश्नावर गेली शंभर वर्षं डोकं खपवलं आहे. त्यातून निघालेलं उत्तर साधं आहे. रस्त्याचा शत्रू थंडी नाही, खाली साचलेलं पाणी आहे. म्हणूनच हा विषय फक्त बर्फाळ भागापुरता राहत नाही. ज्यांच्या तालुक्यात कधी बर्फ पडला नाही आणि पडणारही नाही, त्यांच्या गावातल्या सिमेंट रस्त्यालाही तो लागू होतो.

जमीन गोठते म्हणजे नेमकं काय होतं?

पाणी गोठलं की फुगतं, हे सगळ्यांना माहीत आहे. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये विसरली तर ती तडकते. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. मातीतही पाणी असतंच. ते गोठलं की माती फुगणार आणि रस्ता उचलला जाणार, अशी सरळ समजूत बराच काळ होती.

पण हिशेब जुळत नव्हता. समजा, एक मीटर जाडीचा मातीचा थर पाण्याने पूर्ण भिजलेला आहे आणि त्याच्या आकारमानात ४० टक्के पाणी आहे. ते सगळं गोठलं, तरी थर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर फुगेल. प्रत्यक्षात काही ठिकाणी रस्ते त्याच्या कितीतरी पट उचलले जायचे. मग जास्तीची उंची येत कुठून होती?

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठातले भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९ आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याचा छडा लावला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझिन हा द्रव वापरून पाहिला. बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे मूळ कारण पाण्याचं फुगणं नव्हतंच. माती गोठत असताना खालून आणखी द्रव वर ओढला जात होता.

दिव्याची वात जशी खालचं तेल वर ओढते, तसंच हे आहे. वरून थंडी जमिनीत उतरत जाते. जिथे गोठण्याची रेषा येऊन थांबते, तिथे बर्फ धरायला लागतो. मातीच्या कणांमधल्या अतिशय बारीक जागांमधून खालचं पाणी त्या बर्फाकडे खेचलं जातं आणि तिथेच गोठतं. पुन्हा नवं पाणी येतं, तेही गोठतं. असं होत होत मातीत बर्फाच्या आडव्या चकत्या तयार होतात. काही केसासारख्या पातळ, तर काही बोटभर जाड. या सगळ्या चकत्यांची मिळून जी जाडी होते, तेवढा रस्ता वर उचलला जातो.

सगळीच माती फुगत नाही

इथे मातीची जात फार महत्त्वाची ठरते. स्वच्छ वाळू किंवा खडी असेल तर कणांमधल्या जागा मोठ्या असतात. त्यात पाणी वर ओढलं जात नाही, ते खाली निथळून जातं. चिकणमातीत ओढ जबरदस्त असते, पण जागा इतक्या बारीक की पाणी फार हळू सरकतं. सगळ्यात वाईट अवस्था या दोन्हींच्या मधल्या मातीची. नदीकाठचा बारीक गाळ, पोयटा किंवा हिमनदीने दगड दळून केलेली पिठासारखी पूड, यांत पाणी वर ओढण्याची ताकदही असते आणि पाणी सरकायला वाटही असते.

मृदा-अभियांत्रिकीतले मोठे नाव असलेल्या आर्थर कॅसाग्रांदे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी एक सोपी कसोटी सांगितली. लहानमोठे कण मिसळलेल्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून जास्त असतील, तर ती माती थंडीत फुगण्याचा धोका आहे असं समजावं. ०.०२ मिलिमीटर म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बराच कमी. शंभर घमेली मुरमात तीन-चार घमेली पिठूळ माती मिसळली गेली, तरी रस्त्याखालच्या थराचा स्वभाव बदलू शकतो, असा याचा अर्थ. ही कसोटी आजही जगभर वापरली जाते.

थोडक्यात, रस्ता उचलला जायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. जमीन गोठवणारी थंडी, बारीक कणांची माती आणि जवळच पाण्याचा साठा. तिपाईसारखं आहे हे. तीनपैकी एक पाय काढला तरी ती पडते. थंडी माणसाच्या हातात नाही. माती आणि पाणी मात्र आहे. बर्फाळ भागातल्या रस्त्याचं अर्धं डिझाइन या दोन पायांभोवतीच फिरतं.

उचलला म्हणून नाही, वेडावाकडा उचलला म्हणून तडकतो

सगळा रस्ता एकसारखा पाच सेंटीमीटर वर गेला आणि नंतर तितकाच खाली बसला, तर स्लॅबला फारसं काही होत नाही. गाडीवाल्याला कळणारही नाही. अडचण येते ती एक भाग उचलला गेला आणि शेजारचा तसाच राहिला की. सिमेंट काँक्रीट दाबाला तगडं, पण वाकवण्याला कमजोर. दोन टोकांखाली आधार आणि मध्ये पोकळी अशी अवस्था झाली की वरून जाणारं चाक त्याला वाकवतं आणि तडा जातो.

असा असमान उठाव ठरावीक ठिकाणी हमखास दिसतो. रस्त्याखालून मोरीचा पाइप टाकलेला असतो. पाइपाभोवती वाळू-खडी भरलेली असते, ती फुगत नाही. पण दोन पावलांवरची मूळ माती फुगते. मग मोरीच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याला उंचवटा येतो. जिथे खोदाई संपून भराव सुरू होतो, तिथेही हेच. डोंगराच्या अंगाला झरा असेल तर तेवढाच पट्टा वर येतो.

आणखी एक गंमत म्हणजे बर्फ हा स्वतःच गोधडीसारखं काम करतो. रस्त्याच्या कडेला साचलेला बर्फ खालच्या जमिनीची ऊब धरून ठेवतो. रस्त्यावरचा बर्फ मात्र यंत्राने काढलेला असतो, त्यामुळे मधली जमीन जास्त खोल गोठते आणि जास्त फुगते. कडा खाली, मध्य वर. अशा वेळी रस्त्याच्या लांबीला समांतर उभा तडा जाऊ शकतो.

खरी परीक्षा बर्फ वितळताना

आता मूळ कोड्याकडे. बर्फ वितळायला वरून सुरुवात होते, कारण ऊन वरून लागतं. रस्त्याखालचा पहिला एक-दीड फूट सैल होतो, पण त्याच्या खालची जमीन अजून गोठलेलीच असते. हिवाळाभर खालून ओढून साठवलेलं पाणी आता मोकळं होतं. त्याला वर जायला स्लॅब आडवा, खाली जायला गोठलेली जमीन आडवी. तव्यावर ओतलेल्या पाण्यासारखं ते तिथेच अडकतं आणि माती चिखल होते. दगडासारखी असलेली जमीन काही आठवड्यांसाठी तिच्या नेहमीच्या उन्हाळी ताकदीपेक्षाही कमकुवत बनते.

याचा सगळ्यात मोठा पुरावा अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दिला. इलिनॉय राज्यात ओटावा या गावाजवळ ‘आशो रोड टेस्ट’ नावाची चाचणी झाली. २ कोटी ७० लाख डॉलर खर्चून खास चाचणीचे रस्ते बांधले गेले. त्यांचे डांबरी आणि काँक्रीट मिळून ८३६ तुकडे होते, वेगवेगळ्या जाडीचे. ऑक्टोबर १९५८ ते नोव्हेंबर १९६० अशी दोन वर्षं अमेरिकी सैन्यातल्या चालकांनी त्यावर दिवसरात्र ट्रक फिरवले. ११ लाखांहून जास्त वेळा आसाचा भार त्या रस्त्यांवरून गेला.

डांबरी तुकड्यांचं जास्तीत जास्त नुकसान हिवाळा संपून बर्फ वितळताना झालं. काँक्रीटचे तुकडे त्या काळात तुलनेने तग धरून राहिले. मात्र जे काँक्रीटचे तुकडे फुटले, त्यांच्याखालून आधीच माती-खडी पाण्यासोबत बाहेर फेकली गेली होती. स्लॅब स्वतःहून कमी पडला नव्हता, त्याच्या पायाखालची जमीन निघून गेली होती.

जगभरातल्या रस्त्यांच्या डिझाइनवर या चाचणीचा ठसा आजही आहे. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण सोळा पट होतं, हा नियमही तिथूनच आला. ओव्हरलोड टिप्पर एका खेपेत रस्त्याचं काय करतो, ते यावरून समजावं.

सांध्यातून उडणारं गढूळ पाणी म्हणजे धोक्याची घंटा

सिमेंटचा रस्ता सलग नसतो. ठरावीक अंतरावर त्याला कटर मारून सांधे दिलेले असतात, म्हणजे आकसताना काँक्रीट वाट्टेल तिथे न तडकता ठरल्या जागी तडकतं. हिवाळ्यात काँक्रीट आकसतं आणि हे सांधे सगळ्यात जास्त उघडतात. सांध्यातला भराव निघालेला असेल तर वितळलेल्या बर्फाचं पाणी थेट खाली उतरतं.

जड वाहनाचं चाक सांध्यावर आलं की स्लॅबची कड खाली दबते. खालचं पाणी जोराने पिचकारीसारखं बाहेर पडतं आणि सोबत बारीक माती घेऊन येतं. चाक पुढच्या स्लॅबवर गेलं की पुन्हा तेच. अभियंते याला ‘पंपिंग’ म्हणतात. हापशासारखं काम आहे, फक्त पाण्यासोबत रस्त्याचा पाया उपसला जातो. महिन्यामागून महिने हे चाललं की कडेखाली पोकळी होते, एक स्लॅब खाली बसतो, गाडी ‘धड्-धड्’ करत जाते आणि शेवटी कोपरे तुटतात.

यावरचा उपाय तीन ठिकाणी करावा लागतो. सांध्यात गुळगुळीत पोलादी सळ्या म्हणजे डॉवेल बार टाकले की एका स्लॅबवरचा भार शेजारचा स्लॅबही उचलतो आणि कड कमी दबते. स्लॅबखाली वाहून न जाणारा थर दिला, उदाहरणार्थ कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट, तर उपसायला माती उरत नाही. आणि सांधे वेळोवेळी भरून घेतले तर पाणीच आत जात नाही.

काँक्रीटमध्ये मुद्दाम सोडलेली हवा

खालच्या जमिनीइतकाच त्रास स्लॅबच्या अंगातल्या पाण्याचाही असतो. घट्ट झालेल्या काँक्रीटमध्येही सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यात पाणी असतं. ते गोठलं की आतून दाब येतो. दिवसा वितळणं, रात्री गोठणं, असं शेकडो वेळा झालं की वरचा पापुद्रा सुटायला लागतो. बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने हे आणखी वाढतं.

त्यावरचा इलाज १९३० च्या दशकात अमेरिकेत जवळजवळ अपघाताने सापडला. काही रस्ते थंडीत इतरांपेक्षा चांगले टिकत होते. शोध घेतल्यावर कळलं, की त्यांच्या सिमेंटमध्ये दळताना चरबीसारखे पदार्थ मिसळले गेले होते आणि त्यामुळे काँक्रीटमध्ये साबणाच्या फेसासारखे हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे राहिले होते. गोठणाऱ्या पाण्याला फुगायला तीच मोकळी जागा मिळत होती. आज थंड प्रदेशात काँक्रीट करताना खास रसायन घालून साधारण ५ ते ७ टक्के हवा मुद्दाम ठेवली जाते. हवा जास्त झाली तर ताकद घटते, म्हणून प्रमाण मोजूनच ठेवावं लागतं.

ओतण्याच्या वेळचे नियमही कडक असतात. हवा ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की सिमेंट जमण्याचा वेग मंदावतो. ओलं काँक्रीट जमण्याआधीच गोठलं तर ते आतून पोखरल्यासारखं होतं आणि नंतर कितीही पाणी मारलं तरी सुधारत नाही. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतायचं नाही, हा तर पहिला नियम. जमीन कितीही टणक वाटली तरी ती उद्या वितळणार आहे आणि तेव्हा बसणार आहे.

मग स्लॅब जाड केला की झालं का?

बहुतेकांना असंच वाटतं. रस्ता फुटतो तर जाडी वाढवा. पण गोठणाऱ्या जमिनीचा अभ्यास उलटं सांगतो.

अमेरिकेतल्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या १९८४ च्या डिझाइन पुस्तिकेत याचा हिशेब आहे. जमीन वितळून कमकुवत होते तो काळ थोडा. गोठून जास्त भक्कम असते तो काळ लांब. काँक्रीटचा स्लॅब कडक असल्याने चाकाचा भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतो, त्यामुळे वर्षभराच्या हिशेबात वितळण्याच्या काळासाठी स्लॅबची जाडी फारशी वाढवावी लागत नाही. लक्ष द्यायचं ते खालची जमीन सगळीकडे एकसारखी असण्यावर. मिशिगन राज्याच्या कायद्यातही हा फरक दिसतो. मार्च ते मे या वितळण्याच्या काळात तिथे जड वाहनांचा भार कमी करण्याचा नियम आहे. काँक्रीटच्या रस्त्यावर कपात २५ टक्के, तर इतर रस्त्यांवर ३५ टक्के.

म्हणून पैसा वर कमी आणि खाली जास्त घालावा लागतो. त्या भागात जमीन किती खोल गोठते, हे आधी काढलं जातं. त्यासाठी हिवाळ्यातल्या रोजच्या सरासरी तापमानाची शून्याखालची बेरीज करतात. ही बेरीज चौपट झाली, तर गोठण्याची खोली साधारण दुप्पट होते. मग त्या खोलीपर्यंत, किंवा निदान तिच्या मोठ्या भागापर्यंत, फुगणारी माती काढून स्वच्छ वाळू-खडीचा थर भरतात. मोरीजवळ हा थर एकदम न संपवता उतरता करत नेतात, म्हणजे उंचवटा येत नाही. कडेला खोल चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढतात. काही देशांत रस्त्याखाली फोमचे जाड पत्रेही घालतात, थंडी खाली उतरूच नये म्हणून.

भारतातही याची दखल आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे, की जमीन गोठणाऱ्या भागात हिशेबाने कमी जाडी चालत असली तरी सगळ्या थरांची एकूण जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये आणि थरांचा मालही थंडीत न फुगणारा असावा.

लडाखमध्ये काय करतात?

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली मुलं सैन्यात आणि सीमा सडक संघटनेत लडाखला असतात. १९६० मध्ये स्थापन झालेली ही संघटना तिथले मोक्याचे रस्ते सांभाळते. लेह समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम १० सेंटीमीटर पाऊस-बर्फ पडतो. म्हणजे थंडी भरपूर, पाणी कमी. त्यामुळे सगळीकडे सारखं नुकसान होत नाही. नाला ओलांडणारा पट्टा, सावलीतलं वळण, झऱ्याजवळची जागा, खिंडीजवळचा बर्फ साचणारा भाग, अशा पाण्याच्या ठिकाणी रस्ता जास्त खराब होतो.

अशा जागी सीमा सडक संघटना अनेकदा काँक्रीटचे इंटरलॉकिंग ब्लॉक बसवते. गावात ग्रामपंचायतीपुढे किंवा शाळेच्या आवारात दिसतात तसेच, पण जाड. जमीन थोडी वर-खाली झाली तर सलग स्लॅब तडकतो. ब्लॉक मात्र सांध्यांत हलून जुळवून घेतात. एखादा भाग बसला तर तेवढे ब्लॉक काढून, खाली भरून, तेच पुन्हा बसवता येतात. खडी तापवायला प्लांट लागत नाही, हाही फायदा. कामाचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असताना ही सोय मोठी.

जास्त उंचीवर काही ठिकाणी जमीन उन्हाळ्यातही आतून गोठलेलीच राहते. तिथे नियम पुन्हा बदलतो. हिवाळी गोठणाऱ्या जमिनीत फुगवटा थांबवायचा असतो, तर कायम गोठलेल्या जमिनीत ती वितळू द्यायची नसते. रस्त्याच्या उबेने आतला बर्फ वितळला तर जमीन खचते. त्यामुळे तिथे सलग कडक स्लॅबपेक्षा भराव उंच करणं आणि दुरुस्तीला सोपा पृष्ठभाग ठेवणं जास्त शहाणपणाचं ठरतं.

काळ्या मातीचं गणितही हेच

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, अहिल्यानगर, खानदेशच्या मोठ्या भागात जमीन गोठत नाही. पण तिथली काळी माती दरवर्षी फुगते आणि आकसते. पावसाळ्यात पाणी पिऊन ती वर येते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कारण वेगळं आहे. इथे बर्फ नाही, मातीतले सूक्ष्म खनिजकण स्वतः पाणी धरून फुगतात. परिणाम मात्र ओळखीचा आहे: असमान उठाव, स्लॅबखाली पोकळी, कडेला उभा तडा. इथेही रस्त्याची कड पावसात भिजते आणि उन्हाळ्यात सुकते, तर मधली माती स्लॅबखाली झाकलेली राहते. त्यामुळे कड आणि मध्य सारखे हलत नाहीत.

उपायही त्याच जातीचा आहे. मोकळी सोडलेली माती पाण्यात ५० टक्क्यांहून जास्त फुगत असेल, तर ती भरावासाठी वापरू नये, आणि त्याहून कमी फुगणारी माती वापरली तरी भरावाच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये ती नको, असं रस्तेबांधणीच्या केंद्रीय मानकांत आहे. अशा जमिनीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर देण्याची पद्धत आहे. त्यामागचं मोलाचं संशोधन मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी केलं. चुना मिसळून काळी माती शांत करण्याचाही मार्ग आहे. पाणी काढून देणं हा उपाय तर दोन्हीकडे सारखाच.

गावात सिमेंट रस्ता मंजूर झाला की चर्चा होते ती स्लॅब किती इंची आणि सिमेंट कुठल्या कंपनीचं याची. ते महत्त्वाचं आहेच. पण स्लॅब ओतला की खालचं सगळं कायमचं झाकलं जातं. नंतर ते पाहायला रस्ता फोडावा लागतो. म्हणून गावकऱ्यांनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनी काँक्रीटची गाडी येण्याआधीच काही गोष्टी पाहून घ्याव्यात:

• खालची काळी माती काढली का, की तिच्यावरच मुरूम पसरला? मुरूम मातकट आहे की खडखडीत? मूठभर घेऊन पाण्यात कालवला तरी बराच अंदाज येतो.

• थर थोडे थोडे टाकून, पाणी मारून रोलर फिरवला का? की एकाच वेळी सगळा ढीग ओढला?

• मोरीच्या आणि नळाच्या पाइपाच्या चराच्या जागी भराव नीट दाबला का? रस्ता सगळ्यात आधी तिथेच बसतो.

• कडेचं गटार रस्त्याच्या थरांपेक्षा खोल आहे का आणि त्यातलं पाणी पुढे कुठे जातं? गटार नसेल, तर सांडपाणी स्लॅबच्या कडेनेच मुरणार.

• सांधे वेळेत कटरने कापले का आणि ते भरले का? स्लॅबवर किमान दोन आठवडे पाणी राहील याची सोय आहे का?

अंदाजपत्रक आणि मोजमाप-पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मागता येते. त्यात खालच्या थरांची जाडी लिहिलेली असते. ती वाचून, टेप घेऊन जागेवर मोजायला अभियंता असावं लागत नाही.

इलिनॉयमधला चाचणीचा तुकडा, लडाखमधला नाल्याकाठचा पट्टा आणि काळ्या रानातला पाणंद रस्ता, तिन्हीकडे रस्ता फुटायची सुरुवात खालून होते. वर तडा दिसेपर्यंत खालचं काम बिघडून बराच काळ झालेला असतो. त्या तड्यात सिमेंटचा गिलावा भरला तर तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. गटार काढून पाण्याला वाट दिली, तर रस्ता टिकतो.